खुनी तोच, मी आधीच सांगितलं होतं!

नवी गुन्हेगारी मालिका सुरू झाली की दोन तपास एकाच वेळी सुरू होतात. एक पडद्यावर चालतो. त्यात प्रेत असतं, इन्स्पेक्टर असतो, निळसर उजेड असतो आणि हातरुमालात धरलेला सुरा असतो. दुसरा पडद्यासमोर, सोफ्यावर चालतो. त्याला खुनाशी फारसं कर्तव्य नसतं, तिथे चौकशी होते ती मालिकेची. पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला खुनी सापडायला अख्खा भाग लागतो. सोफ्यावर तो नटांची नावं पडद्यावरून सरकायच्या आत सापडलेला असतो. तरी टाळ्या आणि पार्श्वसंगीत नेहमी इन्स्पेक्टरच्याच वाट्याला येतं.

सोफ्यावरच्या तपासाचं तंत्र सोपं आहे. पुराव्याकडे ढुंकून पाहायचं नाही, नटाकडे पाहायचं. बंगल्यातला माळी झाडांना पाणी घालताना एकच वाक्य बोलतो आणि निघून जातो. पण तो माळी रंगभूमीवर गाजलेला नट असतो. लगेच निकाल लागतो, “एवढा मोठा माणूस काय नुसतं पाणी घालायला आणलाय? हाच तो!” दुसरा नियम घड्याळाचा. पहिल्या वीस मिनिटांत ज्याला बेड्या पडतात तो निर्दोष, मग तो रक्ताळलेला शर्ट घालून, हातात कोयता घेऊन का सापडेना. तिसरा नियम चाकाच्या खुर्चीचा. तिच्यावर बसलेला माणूस शेवटच्या पाच मिनिटांत उठून पळणार, याबद्दल घरात कधीच मतभेद नसतात. आणि चौथा नियम सगळ्यांत पक्का. “साहेब, काहीही मदत लागली तर सांगा,” असं जो आपण होऊन पोलिसांना म्हणतो, तो खुनी. या एका नियमाला प्रत्यक्ष आयुष्याचा आधार आहे. आपल्याकडे निर्दोष माणूस पोलिसांना असं कधीच म्हणत नाही.

तपासाला मध्ये मध्ये जाहिरातींचीही मदत होते. विषप्रयोगाने माणूस ताटावर कोसळतो आणि लगेच कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने मसाल्याचं पाकीट उघडतं. खुनी घाईघाईने शर्टावरचे डाग खरवडत असतो तोवर एक आई कुठलाही डाग एका धुण्यात कसा जातो ते दाखवते. त्या खुन्याने आपलीच मालिका पाहिली असती तर तो आज मोकळा फिरत असता.

आता या तपास पथकात कोण कोण असतं ते पाहू. पथकप्रमुख अर्थातच आत्या. आमच्या आत्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. ती प्रत्येकावर संशय घेते. पहिल्या दहा मिनिटांत तिने दिराला, मोलकरणीला, वकिलाला, दूधवाल्याला आणि प्रेत ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्या शाळकरी मुलाला एकेक करून दोषी ठरवलेलं असतं. त्यामुळे शेवटी कुणीही सापडलं तरी “मी आधीच सांगितलं होतं” हे तिचं विधान खरंच ठरतं. तिचे पुरावेही पोलिसांना न सुचणारे असतात. “नवरा जाऊन चार दिवस नाही झाले आणि ही ओठ रंगवून बसलीय. पकडा हिला.” “सासू वारलीय आणि बाईच्या साडीची एक निरी हललेली नाही. हिने रडायला बसायच्या आधी आरसा बघितलाय.” चहाकडे तर तिचं खास लक्ष असतं. मालिकेत पोलीस आले की चहा येतो आणि कुणी तो पीत नाही. एवढे कप आजवर फुकट गेले, याचं तिला त्या खुनापेक्षा जास्त वाईट वाटतं.

तळमजल्यावर एक निवृत्त सहायक फौजदार राहतात. सगळी इमारत त्यांना फौजदारकाका म्हणते. नव्या मालिकेचा पहिला भाग त्यांच्याबरोबर पाहू नये, कारण ते प्रेताकडे बघतच नाहीत. त्यांची नजर जाते ती इन्स्पेक्टरच्या खांद्यावर. “तीन स्टार, खाली लाल-निळी फीत. म्हणजे हा पीआय. मग सगळे त्याला एसीपी का म्हणतायत?” हा प्रश्न सुटेपर्यंत दुसरा खून होऊन जातो. त्यावर त्यांचा दुसरा आक्षेप तयार असतो, “पण हद्द कुणाची? मृतदेह नदीत सापडलाय. अर्धी नदी शेजारच्या ठाण्याची असते. आधी हद्द ठरवा, मग रडा.” पंचनाम्याला दोन पंच कुठे आहेत, मुद्देमाल सील केला का, स्टेशन डायरीत नोंद कुणी घेतली, असं ते एकेक विचारत जातात आणि मालिकेतला प्रत्येक खटला पहिल्याच सुनावणीत कोसळताना दिसू लागतो. एकदा नायकाने मृताच्या खोलीत शिरून टेबलावरचा ग्लास उचलून हुंगला. काका उठून घरीच गेले.

कायद्याची बाजू मामा सांभाळतात. ते जिल्हा न्यायालयात कारकून होते. त्यांचा राग एका आकड्यावर आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम 302 वरून 103 वर गेलं. आपल्या मालिकांना याची खबर उशिरा लागली. इन्स्पेक्टर अजूनही त्वेषाने टेबलावर मूठ आपटून “तीनशे दोन लावतो तुला” म्हणतो आणि मामा शांतपणे सांगतात, “लाव. नव्या कायद्यात तीनशे दोन म्हणजे बोलून धार्मिक भावना दुखावणं. लगेच बाहेर येईल तो.” त्यांचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मालिकेत खुनी शेवटी बंगल्याच्या दिवाणखान्यात सगळ्या नातेवाइकांसमोर उभा राहून आपण काय, कसं, कुणाच्या मदतीने केलं ते पोलिसांना सविस्तर सांगतो. मामा म्हणतात की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, नव्या साक्ष अधिनियमात ते 23 आहे. म्हणजे भागाची शेवटची दहा मिनिटं, ज्यांच्यासाठी आम्ही पोळ्या गार होऊ दिल्या, ती न्यायालयात शून्य!

आणि या सगळ्या ज्येष्ठांच्या अनुभवावर पाणी ओतायला भाचा असतो. आता पैसे भरले की भाग टीव्हीआधी ॲपवर दिसतो. भाचा दुपारीच कॉलेजच्या कट्ट्यावर तो पाहून येतो आणि रात्री सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून मंद हसतो. आत्या दिरावर आरोप ठेवते, तो हसतो. काका माळ्यावर ठेवतात, तो हसतो. पोलिसी तपासात खबऱ्याला जे स्थान असतं ते घरात भाच्याला आहे. त्याची सगळ्यांना गरज असते आणि त्याला मारावंसंही सगळ्यांनाच वाटतं.

नव्या मालिकेला पहिला टोला बसतो तो जुन्या मालिकेचा. पहिली जाहिरात लागायच्या आत कुणीतरी उसासा टाकतं, “छे! ती ब्योमकेशची सर नाही.” बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी केलेला तो ब्योमकेश बक्षी 1993 सालचा. रजित कपूर धोतर नेसून, आवाज न चढवता खुनी शोधायचा. त्याच्याही आधी 1985 मध्ये पंकज कपूरचा करमचंद गाजरं खात खात गुन्हे उकलायचा आणि मदतनीस किटीला गप्प बसवायचा. मराठीत बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी केलेली ‘एक शून्य शून्य’ होती. पोलिसांना फोन करायचा तो आकडाच मालिकेचं नाव होता. आता महाराष्ट्रात मदतीसाठी 112 लावायचा असतो, म्हणून आज कुणी तीच मालिका काढली तर नावच बदलावं लागेल. या जुन्या मालिकांबद्दल घरात कुणाचीच तक्रार नाही. पण आजी सांगते की करमचंद नवा होता तेव्हा आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणत, “गाजर खाऊन कुठे गुन्हेगार सापडतात का? आमच्या वेळी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता.” झुंजारकथा नव्या होत्या तेव्हा पणजोबांनी काय म्हटलं असेल, ते सहज ओळखता येतं.

या सगळ्या तंत्राला पहिला हादरा दिला तो ‘देवमाणूस’ने. झी मराठीवर 31 ऑगस्ट 2020 ला ही मालिका आली आणि पहिल्याच फटक्यात तिने सोफ्यावरच्या पथकाला बेकार केलं. खुनी कोण, हे तिने लपवलंच नाही. गावाचा लाडका डॉक्टर अजितकुमार देव हाच खुनी, तो डॉक्टरही नाही आणि अजितकुमारही नाही, हे सुरुवातीलाच उघड. सातारा जिल्ह्यात वाईच्या बाजूला 2016 मध्ये उजेडात आलेल्या प्रकरणाची छाया तिच्यावर होती, त्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तर आणखीच कमी शोधायचं होतं. ‘लागिरं झालं जी’मध्ये ज्याला भैय्यासाहेब म्हणून शिव्या घातल्या तोच किरण गायकवाड आता मऊ आवाजात नाडी बघत होता. आत्या दोन दिवस गोंधळली. संशय घ्यायला माणूसच उरला नव्हता.

मग तिला आपलं नवं काम सापडलं. खुनी शोधायचा नव्हता, गावाला सावध करायचं होतं. टाळेबंदीमुळे सगळे घरातच, रात्रीचे साडेदहा वाजलेले, आणि घराघरांतून एकच हाक उठू लागली, “अगं बाई, जाऊ नकोस त्याच्याकडे!” ती बाई रोज जायची. काही दिवसांनी दुसरी जायची. आमच्या इमारतीत त्या काळात एकाच वेळी पाच घरांतून ही हाक ऐकू येई, तीही खालून वर थोड्या थोड्या अंतराने, कारण प्रत्येकाच्या डिशचा वेग वेगळा. तळमजल्यावरच्या हाकेवरून तिसऱ्या मजल्याला कळायचं की आता काहीतरी होणार.

पुढे एसीपी दिव्या सिंग आली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकट्या फौजदारकाकांनी नाही. त्यांनी रिमोटवर हात ठेवला आणि मुळालाच हात घातला, “एसीपी असतो तो आयुक्तालयात, मोठ्या शहरात. जिल्ह्यात डीवायएसपी असतो. ही बाई गावात आलीच कशी?” त्यावर आजी पहिल्यांदाच रागावली. म्हणाली, “आली कशी ते जाऊ दे रे, पकडते कधी ते बघ.” पकडायला भरपूर वेळ लागला. या काळात गावातल्या सरू आजीच्या म्हणी एवढ्या पसरल्या की आमच्या आजीनेही स्वतःच्या चारदोन तयार करून बघितल्या. प्रेक्षक रोज चिडत होते, रोज “आता पुरे” म्हणत होते आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला जागेवर बसत होते. वाहिनीला तेवढंच पाहिजे असतं. तिच्या दृष्टीने चिडलेला प्रेक्षक आणि खूश झालेला प्रेक्षक यांची मोजदाद एकाच खात्यात होते. म्हणूनच ती मालिका संपली तरी संपली नाही. 2021 च्या डिसेंबरात दुसरा भाग आला, 2025 मध्ये ‘मधला अध्याय’ आला.

मालिकेचा एक परिणाम मात्र चांगला झाला. आत्या फॅमिली डॉक्टरकडे गेली ती चष्मा लावून. आधी भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्र वाचलं, मग वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक वाचला, मग स्टुलावर बसली. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?” ती म्हणाली, “ते नंतर. इंजेक्शन देणार नाही ना?” बिचाऱ्यांनी गोळ्यांवर भागवलं.

पण प्रेक्षकाचं खरं मन कळायचं असेल तर ‘सीआयडी’ची परत येण्याची गोष्ट बघावी. जानेवारी 1998 मध्ये सोनीवर सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर 2018 मध्ये थांबली तेव्हा 1547 भाग झाले होते. बी. पी. सिंग तेच आणि एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटमही ‘एक शून्य शून्य’मधलेच. 21 डिसेंबर 2024 ला ती पुन्हा सुरू झाली. वाहिनीची जाहिरात होती की सगळं नवं आहे. प्रेक्षकांनी पहिल्या दिवशी तपासलं ते सगळं जुनं आहे की नाही. एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवतात का? फिरवतात. काहीतरी गडबड आहे असं म्हणतात का? म्हणतात. दया दार तोडतो का? हा प्रश्न सर्वांत नाजूक होता. दया साकारणारा दयानंद शेट्टी तरुणपणी थाळीफेकपटू होता. त्याने वीस वर्षं लाथेने एवढी दारं तोडली की मुंबईच्या सुतारांनी त्याचा सत्कार करायला हवा. म्हणून नव्या पर्वाच्या झलकीत खुद्द त्याच्या मित्राने, अभिजीतने दयावर गोळी झाडलेली दिसली, तेव्हा लोकांना मैत्री तुटल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी होती की आता दारं कोण तोडणार.

आमच्याकडे पहिल्या भागाला तपास पथक संपूर्ण हजर होतं. फौजदारकाकांनी सुरुवातीलाच नोंदवलं की महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि मुंबईतले असले खून क्राइम ब्रँच बघते. यावर इमारतीतल्या पुणेकरांना अभिमान वाटला आणि मुंबईकरांनी दुर्लक्ष केलं. मालिकेतल्या डॉक्टर साळुंखेंनी परीक्षानळीत दोन रंगांचं पाणी एकत्र केलं आणि विषाचं नाव सांगितलं तेव्हा काका खिन्न हसले. त्यांच्या नोकरीत व्हिसेरा राखून ठेवायचा, मोहोर लावून कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि मग अहवालाची वाट बघायची. “इथे रंग बदलेपर्यंत अहवाल येतो,” ते म्हणाले, “आमच्याकडे अहवाल येईपर्यंत अधिकारी बदलायचा.”

आणि मग एप्रिल 2025 उजाडला. तिग्मांशू धुलियाने साकारलेल्या खलनायक बार्बोझाच्या बाँबस्फोटात एसीपी प्रद्युम्न गेले. वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजली टाकली, नावाखाली 1998 ते 2025 असे आकडेही टाकले. अनेकांना क्षणभर वाटलं की शिवाजी साटमच गेले. आत्याने देवाजवळ दिवा लावला, मग साटम सुखरूप आहेत हे कळल्यावर तो तसाच चालू ठेवला, कारण माणूस ठीक असला तरी एसीपी गेलेच होते. यातली गंमत बघा. हे तेच प्रेक्षक, ज्यांनी दीड हजारांवर भागांत दर वेळी कुणाचा तरी खून जेवताना, पापड मोडत, “जरा मीठ दे गं” म्हणत पाहिला. त्यातल्या एकाही मृताचं नाव कुणाला आठवत नाही. मरणारा फक्त कथा सुरू करायला आलेला असतो. पण शोधणारा मेला की घरातला कर्ता माणूस गेल्यासारखं होतं. नव्या एसीपी आयुष्मानच्या भूमिकेत आलेला पार्थ समथान चांगला दिसतो, बोलतोही बरा, पण त्याचा गुन्हा एकच होता. तो दुसरा होता. लोकांनी त्याच्यावर खटला चालवला, साक्षीपुरावे न घेता निकाल दिला आणि अपिलाची मुदतही ठेवली नाही.

सोफ्यावरच्या पथकाचं मात्र याच प्रकरणात सोनं झालं. फौजदारकाकांनी पहिल्याच रात्री विचारलं होतं, “मृतदेह दाखवला का? अकस्मात मृत्यूची नोंद कोणत्या ठाण्यात झाली? पंचनामा कुणी केला?” कुणीच नाही. “मग येतोय तो परत.” काही आठवड्यांत एसीपी प्रद्युम्न परत आले. काकांना कुणी पदक दिलं नाही, पण त्या दिवशी जिन्यात प्रत्येकाने त्यांना नमस्कार केला. आत्या अर्थातच म्हणाली की तिने हे आधीच सांगितलं होतं. तिने खरंच सांगितलं होतं. तिने दोन्ही सांगितलं होतं.

एवढं बघून माझं मत असं झालं आहे की गुन्हेगारी मालिकेला रहस्य लागतं, हा लेखकांचा गैरसमज आहे. प्रेक्षकाला रहस्य नको असतं. रहस्य त्याला रोजच्या आयुष्यात पुरेसं मिळतं. अर्ज कुठे अडकला, फाइल कुणाच्या टेबलावर आहे, चोरीला गेलेली दुचाकी कुठे असेल, याचा उलगडा वर्षानुवर्षं होत नाही. खटल्याला तारीख पडते, पुढची पडते, फिर्यादी म्हातारा होतो. मालिकेत तेवढं एक घडतं की माणूस तासाभरात सापडतो, आणि सापडवणारा साहेब कालही तोच होता, आजही तोच आहे, त्याची बदली झालेली नाही. त्यासाठी आम्ही चुकीचा गणवेश, न प्यायलेला चहा, जुनं कलम आणि जादूची परीक्षानळी सगळं पोटात घालतो.

तेव्हा नवी मालिका करणाऱ्यांना एकच विनंती. माळ्याच्या भूमिकेत अनोळखी नट घ्या, खुनासाठी 103 लावा, पोलिसांना एकदा तरी चहा संपवू द्या. बाकी खून कितीही करा, आमची हरकत नाही. फक्त ज्याने पकडायचं त्याला मारू नका, आणि शेवटी “पुढे काय होणार?” असं विचारण्याऐवजी आरोपीला बेड्या घालून गाडीत बसवा. खुनी कोण, ते आम्हाला ठाऊकच असतं.